टेराहर्ट्झ होलोग्राफी करायचीय? पहिला होलोग्राम एकाच पिक्सेलने काढा

होलोग्राफी म्हणजे वस्तूतून आलेल्या वेव्हवर त्याच सोर्सची दुसरी, ओळखीची वेव्ह टाकायची, दोघींच्या मिसळण्याने उठणारे जोरदार-मंद पट्टे नोंदवायचे आणि त्यांतून वस्तूची इमेज गणिताने काढायची. हेच मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या पट्ट्यात करायचं, म्हणजे टेराहर्ट्झ होलोग्राफी, म्हटलं की लोक सगळ्यात आधी कॅमेरा शोधायला लागतात, कुठला घ्यावा, किती पिक्सेलचा, किती फ्रेम्सचा, आणि बजेट तिथेच संपतं. माझं सरळ मत आहे की पहिला होलोग्राम एकाच सेमीकंडक्टर डिटेक्टरने, तो एक्स-वाय स्टेजवर फिरवून काढावा. वेळ जास्त जातो हे खरं, पण सिग्नल कुठून येतोय, कुठे बुडतोय, स्टँडिंग वेव्ह (मागेपुढे उड्या मारणाऱ्या वेव्हज मिसळून जागच्या जागी थांबलेली लाट) कुठे उभी राहतेय हे सगळं डोळ्यांसमोर दिसतं, कॅमेऱ्यात ते सगळं एका फ्रेममध्ये कालवून हातात येतं आणि मग नेमकं काय बिघडलंय ते शोधत बसावं लागतं. म्हणून इथे जे लिहिलंय ते ३०० गिगाहर्ट्झच्या, एका डिटेक्टरच्या सेटअपसाठी आहे, कॅमेऱ्याचं शेवटी थोडक्यात.

३०० गिगाहर्ट्झच का, तर वेव्हलेंग्थ बरोबर १ मिलीमीटर येते. हिशोब तोंडी होतात, फ्रिंजेस (तेच जोरदार-मंद पट्टे) मिलीमीटरमध्ये मोजता येतात, आणि हवेतल्या बाष्पाचा त्रास या भागात जवळपास नसतो. टेराहर्ट्झ पट्टा साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झ धरतात, म्हणजे ३ मिलीमीटर ते ३० मायक्रोमीटर, आणि त्यात ०.५५७ टेराहर्ट्झसारख्या ठिकाणी पाण्याच्या वाफेच्या इतक्या जोरदार रेषा आहेत की तिथे काम करायचं तर कोरड्या नायट्रोजनचा डबा बांधावा लागतो. सुरुवातीलाच ते लचांड कशाला.

डिटेक्टर: फोटोडायोड का चालत नाही

हा प्रश्न हमखास येतो. १ टेराहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा ४.१ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे फोटॉन अडीचशे पटींहून जास्त तोकडा पडतो. बरं, कमी बँडगॅपचं काहीतरी घेतलं तरी रूम टेंपरेचरला उष्णतेची ऊर्जाच २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे तुमच्या फोटॉनने उचललेला इलेक्ट्रॉन कुठला आणि उष्णतेने उचललेला कुठला हे कळायचं कसं? म्हणून फोटॉन मोजायचे डिटेक्टर इथे लिक्विड हेलियमच्या आसपास थंड करून वापरतात. टेबलावर, रूम टेंपरेचरला, फोटॉन मोजायचा नाद सोडून वेव्हचं रेक्टिफिकेशन करायचं, म्हणजे अँटेनात आलेल्या एसी व्होल्टेजमधून डीसी काढायचा.

त्यासाठी दोन पर्याय. एक झीरो-बायस (बाहेरून व्होल्टेज न देता चालणारा) शॉटकी डायोड, म्हणजे मेटल आणि सेमीकंडक्टरच्या जोडाचा डायोड, वेव्हगाइडच्या (वेव्ह वाहून नेणाऱ्या मेटलच्या पोकळ नळीच्या) ब्लॉकमध्ये बसवून मिळतो, ३०० गिगाहर्ट्झला संवेदनशीलता फारच चांगली. दुसरा फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, थोडक्यात फेट, ज्याला आता लोक सरसकट टेराफेट म्हणतात. मिखाईल द्याकोनोव्ह आणि मायकेल शूर यांनी १९९३ मध्ये ट्रान्झिस्टरच्या चॅनेलमधल्या प्लाझ्मा वेव्हजची थिअरी मांडली आणि १९९६ मध्ये त्याचा डिटेक्टर म्हणून उपयोग होऊ शकतो हे थिअरीत दाखवलं. मजा अशी की ट्रान्झिस्टर ज्या फ्रिक्वेन्सीच्या वर अँप्लिफायर म्हणून निकामी होतो, त्याच्याही खूप वर तो डिटेक्टर म्हणून चालतो, कारण त्याच्याकडून गेन मागायचाच नसतो, फक्त नॉन-लिनिअर वागणं हवं असतं. साध्या सीमॉसमध्ये, म्हणजे नेहमीच्या चिप ज्या पद्धतीने बनतात तिच्यात, अँटेनासकट बनतो, ड्रेनला करंट द्यायचा नाही, त्यामुळे करंटमुळे येणारा कमी फ्रिक्वेन्सीचा नॉईजही नाही, उरतो तो चॅनेलच्या रेझिस्टन्सचा जॉन्सन नॉईज, म्हणजे उष्णतेमुळे येणारा.

फेट वापरणार असाल तर गेट बायस (गेटला द्यायचं स्थिर व्होल्टेज) आधी शोधून घ्या, डेटाशीटवर विसंबू नका. सोर्स चालू-बंद मॉड्युलेट करा, लॉक-इनवर (फक्त त्याच तालातला सिग्नल वेचणाऱ्या अँप्लिफायरवर) सिग्नल बघत गेट व्होल्टेज हळूहळू फिरवा. थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्या व्होल्टेजला चॅनेल चालू व्हायला लागतो त्याच्या, आसपास सिग्नल वर चढतो. आता इथे मोह होतो की जिथे सिग्नल सगळ्यात मोठा तिथेच थांबावं. थांबू नका. थ्रेशोल्डच्या खाली चॅनेलचा रेझिस्टन्स वेड्यासारखा वाढतो, नॉईज वाढतो आणि तुमच्या प्रीअँप्लिफायरचा इनपुट इंपिडन्स सिग्नलच खाऊन टाकायला लागतो. सिग्नल भागिले नॉईज असा ग्राफ काढा, त्याचं शिखर बहुतेक वेळा थ्रेशोल्डच्या थोडं वर सापडतं. उदाहरणार्थ चॅनेल १० किलोओहम असेल तर नॉईज साधारण १३ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, रिस्पॉन्सिव्हिटी (दर वॅटला मिळणारं व्होल्टेज) १०० व्होल्ट प्रति वॅट धरली तर एनईपी (नॉईजच्या बरोबरीची पॉवर) १३० पिकोवॅट प्रति रूट हर्ट्झ. पुढच्या हिशोबाला आपण सोयीसाठी १०० धरू.

आणि हो, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय यातल्या कुठल्याही डिटेक्टरला हात लावू नका. शॉटकीचं जंक्शन आणि फेटचं गेट दोन्ही स्टॅटिकने क्षणात मरतात, मेल्यावर वास येत नाही धूर येत नाही, फक्त सिग्नल येत नाही.

डिटेक्टरचं तोंड लहान हवं

लोकांचा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. डिटेक्टरसोबत छान हॉर्न अँटेना येतो, किंवा फेटवर सिलिकॉनची गोल लेन्स चिकटवलेली असते, आणि पॉवर गोळा करायला ते उत्तमच. पण होलोग्राममध्ये आपल्याला फ्रिंजेस मोजायच्यात. रेफरन्स बीम (ती ओळखीची वेव्ह) आणि ऑब्जेक्ट बीम (वस्तूतून आलेली वेव्ह) यांच्यात ४० अंशांचा कोन असेल तर फ्रिंजमधलं अंतर वेव्हलेंग्थ भागिले साईन ४०, म्हणजे १.५६ मिलीमीटर. हॉर्नचं तोंड चारपाच मिलीमीटरचं असेल तर दोनतीन फ्रिंजेस एकदम आत जातात, त्यांची सरासरी होते आणि होलोग्राम सपाट. वर त्याचा बीम इतका अरुंद की ४० अंशांवरून येणारं त्याला ऐकूच येत नाही.

म्हणून हॉर्न काढा. शॉटकीच्या ब्लॉकला उघडं वेव्हगाइडच तोंड म्हणून ठेवा. २२० ते ३३० गिगाहर्ट्झच्या वेव्हगाइडचं तोंड ०.८६४ गुणिले ०.४३२ मिलीमीटर असतं, अर्ध्या फ्रिंजच्या आसपास, आणि रुंद कोनातून ऐकतं. लांब बाजू उभी ठेवायची की आडवी हे पोलरायझेशन (इलेक्ट्रिक फील्डची दिशा) ठरवतं, मनाने नाही. इलेक्ट्रिक फील्ड उभं ठेवलंत तर वेव्हगाइडची छोटी बाजू उभी येते, आणि बीममधला कोन आडव्या प्लेनमध्ये द्या, म्हणजे दोन्ही बीमची फील्ड्स एकमेकांना समांतर राहतात आणि फ्रिंजचा कॉन्ट्रास्ट कोन वाढला तरी टिकतो. उभ्या प्लेनमध्ये कोन दिलात तर कॉन्ट्रास्ट गेलाच थोडा.

फेटवरची लेन्स काढून टाकली की मात्र सब्सट्रेटमध्ये वेव्ह अडकून उड्या मारायला लागते आणि वेगवेगळ्या कोनांना प्रतिसाद खडबडीत होतो. तिथे लेन्स ठेवून पुढे अ‍ॅब्जॉर्बर लावलेलं मेटलचं भोक ठेवणं हा पर्याय आहे, पण भोक वेव्हलेंग्थपेक्षा लहान करत गेलात तर पॉवर फार झपाट्याने पडते. पहिल्या होलोग्रामसाठी मी तरी शॉटकी आणि उघडं वेव्हगाइडच घेईन.

सोर्स आणि टेबलावरची मांडणी

सोर्स म्हणून मायक्रोवेव्ह सिंथेसायझर आणि पुढे मल्टिप्लायर चेन. १२.५ गिगाहर्ट्झ गुणिले २४ म्हणजे ३००. मिलीवॅटच्या आसपास पॉवर मिळते, आणि कोहेरन्स लेंग्थ (जितक्या अंतरापर्यंत वेव्हचा ताल टिकतो) इतकी लांब की दोन्ही आर्म (दोन बीमचे रस्ते) समान लांबीचे करायची कटकट नाही. तेच वरदान स्टँडिंग वेव्हच्या वेळी शाप ठरतं, त्यावर पुढे येतो.

हॉर्नमधून निघालेला बीम ऑफ-अ‍ॅक्सिस पॅराबोलिक आरशाने किंवा टेफ्लॉनच्या लेन्सने समांतर करा. मग बीम स्प्लिटर. त्यासाठी हाय-रेझिस्टिव्हिटी सिलिकॉनचा वेफर, साधा डोप केलेला वेफर चालणार नाही, तो पॉवर शोषतो. सिलिकॉनचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स ३.४२, दोन्ही पृष्ठभागांवरून परत येणाऱ्या वेव्हज आपसात जुळतात किंवा कापतात, त्यामुळे किती टक्के परत जाईल ते जाडीवर ठरतं. ०.५२५ मिलीमीटरचा वेफर ४५ अंशांत, उभ्या पोलरायझेशनला, ३०० गिगाहर्ट्झवर जवळपास ८४ टक्के परत पाठवतो, १६ टक्के आरपार. ऐकायला वाईट वाटतं पण फ्रिंजचा जोर दोन्ही हिश्श्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर चालतो, त्यामुळे ५०-५० च्या तुलनेत पाऊणच्या आसपास जोर टिकतो. मोठा हिस्सा रेफरन्सकडे वळवा आणि पुढे चला.

ऑब्जेक्ट आर्ममध्ये वस्तू, तिच्या मागे साधारण १५० मिलीमीटरवर स्कॅनचं प्लेन. रेफरन्स बीम दोन आरशांवरून फिरवून त्याच प्लेनवर ४० अंशांतून आणा. डिटेक्टरचं तोंड दोघांच्या मधोमध, २० अंशांना वळवून ठेवलंत तर दोन्ही बीम सारखे ऐकू येतात, स्कॅनचं प्लेन मात्र ऑब्जेक्ट बीमला काटकोनातच राहू द्या.

आरसे म्हणून साधे पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम चालतात. वेव्ह १ मिलीमीटरची आहे, पृष्ठभागावर दहा-वीस मायक्रोमीटरचे चढउतार असले तरी तिला पत्ता लागत नाही. कंपनांचंही तेच. दिसणाऱ्या प्रकाशाची होलोग्राफी केलेले लोक आल्या आल्या हवेवर तरंगणारं टेबल मागतात, इथे त्याची गरज नाही. अर्धा मीटर अ‍ॅल्युमिनियम एका अंशाने तापलं तर ११ ते १२ मायक्रोमीटर वाढतं, ३०० गिगाहर्ट्झला तो फेजमध्ये (वेव्ह तिच्या चक्रात कुठे आहे त्यात) जेमतेम ४ अंशांचा फरक, लाल लेझरला तोच फरक अठरा पूर्ण वेव्हलेंग्थचा असता.

किती पॉवर, किती वेळ

हा हिशोब स्टेज विकत घ्यायच्या आधी करा. समजा सोर्स १ मिलीवॅट, हिशोब सोपा राहावा म्हणून त्यातला अर्धाच रेफरन्सला धरू, आणि तो ८० गुणिले ८० मिलीमीटरवर पसरला. वेव्हगाइडच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.३७ चौरस मिलीमीटर, म्हणजे डिटेक्टरला मिळतात सुमारे ३० नॅनोवॅट. लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट (साधारण जितका वेळ तो सरासरी काढतो) १० मिलीसेकंद ठेवला, साधा एक-पोल फिल्टर, तर नॉईज बँडविड्थ २५ हर्ट्झ. १०० पिकोवॅट प्रति रूट हर्ट्झ धरून नॉईज झाला ०.५ नॅनोवॅट.

आता वस्तूतून आलेला सिग्नल समजा फक्त ०.५ नॅनोवॅट आहे, म्हणजे नॉईजच्या बरोबरीचा, नुसता मोजला तर दिसणारही नाही. पण होलोग्राममध्ये इंटरफेरन्सची टर्म आहे दोन गुणिले वर्गमूळात रेफरन्स गुणिले ऑब्जेक्ट. ३० गुणिले ०.५ म्हणजे १५, त्याचं वर्गमूळ ३.९, दुप्पट ७.७ नॅनोवॅट. नॉईजच्या पंधरा पट! एकट्याने नॉईजमध्ये बुडालेली वस्तू तगडा रेफरन्स शेजारी आला की वर येते. फेज मिळते म्हणून तर होलोग्राफी करायचीच, पण कमी पॉवरच्या या पट्ट्यात हा फायदा मला फेजइतकाच मोलाचा वाटतो. फक्त रेफरन्स इतकाही वाढवू नका की डायोड स्क्वेअर-लॉच्या बाहेर जाईल, कारण मग आउटपुट पॉवरच्या प्रमाणात राहत नाही आणि फ्रिंजेसचे हार्मोनिक्स दिसायला लागतात. तपासायला सोपं आहे, मध्ये माहीत असलेला अ‍ॅटेन्युएटर घाला, आउटपुट तितकंच पडलं पाहिजे.

मॉड्युलेशन इलेक्ट्रॉनिकली करा, काही दहा किलोहर्ट्झवर, फिरता चॉपर लावू नका, तो मंद असतो आणि त्याचं पातं स्वतःच एक हलणारा आरसा असतं.

स्टेप साईझ किती? बीममधला कोन ४० अंश असताना फ्रिंजची स्पेशियल फ्रिक्वेन्सी (दर मिलीमीटरला किती फ्रिंजेस) ०.६४ प्रति मिलीमीटर, त्यात वस्तूची स्वतःची ०.२६ मिळवा (१५० मिलीमीटरवर ८० मिलीमीटर रुंदीचा स्कॅन, म्हणजे कडेच्या किरणाच्या कोनाचं साईन मोजणारं न्युमेरिकल अ‍ॅपर्चर तेवढंच), एकूण ०.९०. एका फ्रिंजला किमान दोन पॉइंट लागतात, म्हणून ०.४ मिलीमीटरची स्टेप १.२५ पर्यंत पेलते, त्यामुळे मार्जिन आहे. ०.५ ला मर्यादा १.० येते, चालेल पण काठावर. ०.४ ने ८० मिलीमीटर म्हणजे २०० गुणिले २००, चाळीस हजार पॉइंट. प्रत्येक पॉइंटला लॉक-इन स्थिरावायला पाचेक टाइम कॉन्स्टंट, ५० मिलीसेकंद, म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं वर, शिवाय स्टेजचा वेळ वेगळा. रिझोल्यूशन मिळणार २ मिलीमीटरच्या आसपास. त्यापेक्षा बारीक हवं असेल तर स्कॅन रुंद करा किंवा वस्तू जवळ आणा, स्टेप बारीक करून काही होत नाही, हे लोकांना पटतच नाही.

स्टेज न थांबवता चालत्यावर वाचलं तर वेळ वाचतो, पण मग सगळ्या ओळी एकाच दिशेने स्कॅन करा. जाता-येता दोन्हीकडे वाचलंत तर लॉक-इनच्या उशिरामुळे आणि स्क्रूच्या बॅकलॅशमुळे एक ओळ डावीकडे एक उजवीकडे सरकते आणि सगळ्या कडा करवतीसारख्या दिसतात.

स्टँडिंग वेव्ह: खरा शत्रू

गणित सोपं आहे, कंपनांची भीती नाही, मग टेराहर्ट्झ होलोग्राम खराब का येतात? उत्तर बहुतेक वेळा हेच. सोर्स आणि डिटेक्टर दोन्ही मेटलचे, समोरासमोर, वेव्ह त्यांच्यात मागेपुढे उड्या मारते, कोहेरन्स भरपूर असल्यामुळे प्रत्येक उडी आधीच्या उडीशी इंटरफेअर करते. शेवटच्या इमेजमध्ये वर्तुळं, पट्टे, भुताटकीसारख्या सावल्या दिसतात आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये बग शोधत बसतात.

आधी मोजा. रेफरन्स बंद करा, वस्तू काढा, डिटेक्टर बीमच्या दिशेने पुढे-मागे ०.०५ मिलीमीटरच्या स्टेपने हलवा आणि ग्राफ काढा. तो जवळपास सपाट हवा. दर ०.५ मिलीमीटरला, म्हणजे अर्ध्या वेव्हलेंग्थला, लाट दिसली तर तीच ती. मग रेफरन्स चालू आणि ऑब्जेक्ट बंद करून हेच परत.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने: वेव्हगाइडभोवतीचा मेटलचा फ्लँज अ‍ॅब्जॉर्बरच्या कॉलरने झाका, बाहेर फक्त तोंड उघडं राहिलं पाहिजे. या एका गोष्टीने निम्मा त्रास जातो असं माझं मत आहे. मग लेन्स वापरत असाल तर ती किंचित तिरकी करा, सपाट बाजू कुठेही बीमला बरोबर काटकोनात नको. माउंट, पोस्ट, स्टेजची बॉडी, टेबलाचा पृष्ठभाग, जे जे चकचकीत ते ते कार्बन भरलेल्या फोमने झाका, दिसायला गबाळं दिसतं पण इलाज नाही. सोर्सपुढे आयसोलेटर मिळाला तर छान, नाही तर अ‍ॅटेन्युएटर, कारण सरळ जाणारा बीम त्यातून एकदा जातो, उड्या मारणारा तीनदा.

एवढं करूनही लाट उरली तर दोन स्कॅन घ्या, दुसऱ्यात डिटेक्टर ०.२५ मिलीमीटर मागे. पाव वेव्हलेंग्थ सरकल्यावर लाट उलटी होते, दोन्ही फील्ड्सची सरासरी काढली की बरीचशी कापली जाते. पण सरासरी काढायच्या आधी दुसरा स्कॅन गणिताने ०.२५ मिलीमीटर पुढे आणायला विसरू नका, नाहीतर फेजचा चुथडा होईल.

स्कॅन घ्यायचा क्रम

सोर्स चालू करून अर्धा तास तरी तापू द्या. मग पहिला स्कॅन फक्त ऑब्जेक्ट बीमचा, दुसरा फक्त रेफरन्सचा, तिसरा दोन्ही मिळून. तिसऱ्यातून पहिले दोन वजा केले की नुसती इंटरफेरन्स टर्म उरते. हे का करायचं, तर आपल्या ४० अंशांच्या कोनात स्पेक्ट्रममधला (स्पेशियल फ्रिक्वेन्सीच्या नकाशातला) मधला ढिगारा, म्हणजे बीमची स्वतःची पॉवर, ०.५२ पर्यंत पसरतो आणि साईडबँड, म्हणजे इंटरफेरन्सची टर्म, ०.३८ पासूनच सुरू होतो, दोघं एकमेकांवर चढतात. वजाबाकी केली की मधला ढिगाराच जातो. घाई असेल तर रेफरन्स तगडा ठेवून फक्त रेफरन्सचा आणि दोन्हीचा, असे दोन स्कॅन घ्या, पहिल्या नजरेला पुरतं.

आणि एक स्कॅन वस्तू काढून, बाकी सगळं जसंच्या तसं. हा टाळू नका. यातून मिळालेल्या कॉम्प्लेक्स (जोर आणि फेज दोन्ही धरणाऱ्या) फील्डने वस्तूच्या फील्डला, दोन्ही वस्तूच्या प्लेनवर आणल्यानंतर, भागलं की बीमचा आकार, आरशांच्या खोडी, रेफरन्सचा वाकडेपणा एका फटक्यात निघून जातो.

ऑफ-अ‍ॅक्सिस (हा तिरका रेफरन्स) नको असेल तर फेज-शिफ्टिंग करता येतं, दोन्ही बीम एकाच दिशेने आणायचे आणि रेफरन्सचा आरसा हलवायचा. आरसा बीम सरळ परत पाठवणारा असेल तर ९० अंश फेजसाठी १२५ मायक्रोमीटर हलवायचा, साध्या मायक्रोमीटर स्क्रूने होतं. दिसणाऱ्या प्रकाशात यासाठी पिझोचा (व्होल्टेज दिल्यावर किंचित सरकणाऱ्या स्फटिकाचा) खटाटोप करावा लागतो. ०, ९०, १८०, २७० अशा चार वाचनांतून फेज म्हणजे चौथं वजा दुसरं, भागिले पहिलं वजा तिसरं, याचा आर्कटॅन्जेंट, प्रोग्रॅममध्ये दोन आर्ग्युमेंटवाला घ्या म्हणजे क्वाड्रंट चुकत नाही. चार पट वेळ लागतो, पण दोन्ही बीम सरळ येत असल्याने जरा रुंद तोंडाचा डिटेक्टरही खपून जातो.

कॉम्प्युटरवर

पायथन आणि त्यातली नमपाय लायब्ररी एवढं पुरेसं आहे. वजाबाकी झालेल्या डेटाच्या कडा हळुवार शून्यावर आणा, टूडी एफएफटी (डेटा स्पेशियल फ्रिक्वेन्सींत मोडणारं गणित) घ्या, मॅग्निट्यूड लॉग स्केलवर बघा. दोन गोळे दिसतील, एक खरा एक त्याचा जुळा. डेनिस गॅबॉरने १९४८ मध्ये होलोग्राफी मांडली तेव्हा सगळं एका सरळ रेषेत होतं आणि हे जुळं भूत इमेजवरच बसायचं, एमेट लीथ आणि युरिस उपाटनिक्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रेफरन्स तिरका करून ते बाजूला हटवलं. आपण तेच वापरतोय. एक गोळा निवडा, बाकी शून्य करा, गोळा मध्यावर आणा. मध्यावर आणताना पूर्ण पिक्सेलवरच अडकू नका, कॅरिअर (फ्रिंजची मूळ फ्रिक्वेन्सी) अर्ध्या पिक्सेलवर असेल तर फेजमध्ये उतार राहतो, तो रिकाम्या स्कॅनने भागल्यावर जातोच, पण प्रोपगेशनच्या, म्हणजे फील्ड गणिताने वस्तूपर्यंत मागे नेण्याच्या, आधी काढलेला बरा.

कुठला गोळा खरा? चुकीचा निवडलात तर इमेज उलट्या अंतरावर फोकस होते. अंतराचं चिन्ह बदलून बघा, लगेच कळतं.

प्रोपगेशनसाठी अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धत वापरा. फील्डचा एफएफटी, त्याला एक्स्पोनेन्शिअल आय टू-पाय झेड गुणिले वर्गमूळात (एक भागिले लॅम्डा वर्ग, वजा एफएक्स वर्ग, वजा एफवाय वर्ग) ने गुणायचं, मग उलटा एफएफटी. मागे जायचं म्हणून झेड ऋण. वर्गमूळाच्या आत ऋण आलं ते घटक सरळ शून्य करा, मागे जाताना ते स्फोटासारखे वाढतात. डेटाच्या भोवती दुप्पट आकाराएवढी शून्यं भरा, नाहीतर एका कडेने बाहेर गेलेली वेव्ह दुसऱ्या कडेने आत येते. फ्रेनेलची सोपी आवृत्ती वापरू नका. १५० मिलीमीटरवर, मध्यापासून ४० मिलीमीटरवर तिची चूक वेव्हलेंग्थच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते, पण कोपऱ्यात ती एक तृतीयांशाच्या वर जाते आणि कडा धुरकटतात.

फोकससाठी झेड १ मिलीमीटरच्या स्टेपने फिरवा आणि बघा. मेटलच्या कडा ज्या अंतरावर सगळ्यात तीक्ष्ण तेच अंतर, टेपने मोजलेलं अंतर फक्त अंदाजाला.

पहिल्यांदा काय ठेवायचं

एचडीपीई प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर मेटल फॉइल चिकटवून ४, ३, २ आणि १ मिलीमीटरच्या चिरा कापा. ३ स्वच्छ दिसली पाहिजे, २ जेमतेम, १ ची चीर दिसली तरी रुंदी खोटी दिसेल. ४ सुद्धा दिसत नसेल तर परत स्टँडिंग वेव्हच्या भागात जा.

त्यानंतर फेज तपासायला टेफ्लॉनच्या पायऱ्या. टेफ्लॉनचा इंडेक्स १.४३, त्यामुळे २.३३ मिलीमीटर जाडीला फेजची एक पूर्ण फेरी. ०.५ मिलीमीटरच्या पायऱ्या ठेवल्यात आणि फेज ० ते ३६० अंशांत मांडलीत तर चौथ्यापर्यंत सरळ चढेल आणि पाचव्याला उडी मारून परत खाली येईल. फेजमधला नॉईज ५ अंशांचा असेल तर जाडीतली चूक ३० मायक्रोमीटरच्या आसपास, १ मिलीमीटरच्या वेव्हने मोजतोय हे लक्षात घेतलं तर हे भारीच आहे.

जाड वस्तूंसाठी फेजच्या फेऱ्या मोजायला दुसरी फ्रिक्वेन्सी घ्या. ३०० आणि ३१० गिगाहर्ट्झचे दोन होलोग्राम, फेज वजा केली की ३० मिलीमीटरची कृत्रिम वेव्हलेंग्थ मिळते, टेफ्लॉनमध्ये ७० मिलीमीटर जाडीपर्यंत गोंधळ नाही. पण नॉईजही तितक्याच पटीत मोठा होतो, म्हणून ही फेज फक्त कितवी फेरी ते ठरवायला वापरा, बारीक आकडा ३०० वाल्या फेजचाच घ्या. आणि ३१० ला तुमचा वेफर वेगळ्या प्रमाणात बीम वाटतो, स्टँडिंग वेव्हही जागा बदलते, म्हणून रिकामा स्कॅन प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा.

कोरडा पुठ्ठा, प्लॅस्टिक, फोम यांच्या आत लपवलेली वस्तू छान दिसते. ओलं काही ठेवू नका, अर्धा मिलीमीटर पाण्यातूनही पॉवर जवळपास शून्यावर जाते.

आणि मग कॅमेरा

हे सगळं जमल्यावर वेग हवा असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सीला जा. २.५२ टेराहर्ट्झला मिथेनॉलचा गॅस लेझर, वेव्हलेंग्थ ११९ मायक्रोमीटर, किंवा क्वांटम कॅस्केड लेझर, ज्याची टेराहर्ट्झ आवृत्ती २००२ मध्ये आली. डिटेक्टर म्हणून मायक्रोबोलोमीटरचा (उष्णता मोजणाऱ्या बारीक पिक्सेलचा) अ‍ॅरे. २५ मायक्रोमीटर पिक्सेलचा ६४० गुणिले ४८० चा अ‍ॅरे १६ गुणिले १२ मिलीमीटरचा होतो, पिक्सेल वेव्हलेंग्थच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, त्यामुळे कुठल्याही कोनाच्या फ्रिंजेस तो पेलतो. वस्तू २० मिलीमीटरवर ठेवलीत तर आडवं रिझोल्यूशन १६० मायक्रोमीटरच्या आसपास, उभं थोडं कमी. इतक्या जवळ वस्तू असताना रेफरन्स तिरका आत घुसवायला जागाच राहत नाही, म्हणून तिथे बरेच जण गॅबॉरची सरळ रेषेतली पद्धत घेतात आणि जुळं भूत इटरेटिव्ह फेज रिट्रीव्हलने (अंदाज परत परत सुधारत फेज शोधून) घालवतात. वस्तू लहान आणि भोवती मोकळी जागा भरपूर असेल तरच ते नीट चालतं. कॅमेऱ्यासमोरची खिडकी मात्र आधी तपासा, इन्फ्रारेडसाठी बनवलेली असेल तर दोन पृष्ठभागांमधल्या उड्यांमुळे प्रत्येक फ्रेमवर तिचेच पट्टे उमटतात, आणि गॅस लेझर घेतलात तर त्याला पंप करणारा कार्बन डायऑक्साइड लेझर अदृश्य आणि दहावीस वॅटचा असतो, त्याच्यासाठीचा चष्मा वेगळा मागवा.